ओंबीचा शिक्का

८ जानेवारी
आज गळ्यात बिल्ला पडला. फोटोत मी भुरट्या चोरासारखा दिसतो. तो काढणारी बाई म्हणाली, "इथं सगळेच तसे दिसतात, मनावर घेऊ नका." बिल्ल्यावर लिहिलंय: ऑर्विल स्टेन्सगार्ड, उपप्रशासक, अन्न-साहाय्य. एल्क प्रेअरीतल्या आमच्या धान्यकोठारावर अख्खी हयात गेली. आधी बापाचं कोठार, मग माझं. वीस वर्षं जिल्ह्यात पक्षाचं काम केलं, बर्फात पाट्या ठोकल्या, चर्चच्या तळघरात सभा घेतल्या. राष्ट्राध्यक्षांनी त्याची आठवण ठेवली. माझी बायको लवॉन म्हणते आठवण अध्यक्षांनी नाही, सिनेटर डालबर्गनं ठेवली. ती वॉशिंग्टनला आली नाही. कोठार कुणी बघायचं, म्हणाली, आणि ते खरंच आहे.

माझ्या हाताखाली थेल्मा ब्रिग्ज आहेत. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली, चष्मा साखळीला टांगलेला, चालतात सावकाश आणि बोलतात त्याहून सावकाश. पहिलंच वाक्य: "सर, या खुर्चीत मी नऊ जण पाहिले. कॉफीचं मशीन मात्र तेच आहे, म्हणून आम्ही त्याची जरा जास्त काळजी घेतो." मला हसू आलं. आमच्यासारख्या नेमणुकीवाल्यांना हे कायमचे लोक पाहुणे म्हणतात असं ऐकून होतो. म्हणोत बापडे.

१४ जानेवारी
इथला कारभार शिकतो आहे. प्रत्येक फाईलवर एक पिवळा कागद असतो, त्यावर बारा चौकटी. एकेक खातं सही करत जातं आणि शेवटची चौकट माझी. शेवटची चौकट दहा कामाच्या दिवसांत भरली नाही तर अर्ज बाद होतो आणि जुना नियम चालू राहतो.

"म्हणजे सही न करणं हाही एक निर्णयच की," मी म्हटलं.

"हे पहिल्याच आठवड्यात कळलेले तुम्ही पहिले, सर," थेल्मा म्हणाल्या. गव्हातला ओलावा दातांनी चावून सांगणाऱ्या माणसाला एवढं कळायला कितीसा वेळ लागणार.

२९ जानेवारी
आज डोकं फिरलं. येमेनच्या वादी सुहारमध्ये आमचा गहू जातो, त्याचे फोटो चाळत होतो. आमची पोती पांढरी असतात, त्यांवर निळ्या वर्तुळात गव्हाची ओंबी आणि खाली 'अमेरिकेची भेट'. फोटोतल्या पोत्यांवर काहीच नाही, कोरी करकरीत. मला वाटलं, माल गेला आणि ही दुसऱ्याच कुणाची पोती.

थेल्मांना बोलावलं. त्यांनी आधी दार लावलं. "चोरी नाही सर. तिथं इद्रिस मुकबिल म्हणून एक गृहस्थ आहेत, आपला गहू त्यांची संस्था वाटते. ते पोती रिकामी करतात, उलटी करतात, पुन्हा भरून शिवतात. शिक्का आत जातो. रस्त्यात बंदुकवाल्यांचे नाके आहेत."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. कागदावर कुणालाच नाही."

दर पोत्यामागं दोन मुठी गहू मातीत सांडत असणार, हे त्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलेलं दिसत नाही. पण माझा राग वेगळाच आहे. माझा बाप पोत्यावर आपलं नाव छापायचा. आत किडे निघाले तर कुणाचं दार ठोठावायचं ते लोकांना कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. ज्याला नाव नाही ते पोतं आमच्याकडे चोरीचं समजतात. आमच्या शेतकऱ्यानं घाम गाळून पिकवलेला गहू तिथं बेवारशासारखा वाटला जावा, हे मला पटणार नाही. संध्याकाळी हुकूम धाडला: पोती उलटी करणं ताबडतोब बंद. शिक्का नको असेल तर रीतसर सवलत मागावी.

१२ फेब्रुवारी
खुद्द इद्रिस मुकबिलचा फोन आला. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा म्हणे, इंग्रजी आमच्या काही सिनेटरांपेक्षा बरं. मी ऐकायला नाही, ऐकवायला बसलो होतो. पण त्यानं पहिल्यांदा विचारलं, यंदाच्या गव्हात ओलावा किती होता, मागच्या खेपेला पोळी चिवट होत होती. असं विचारणारा माणूस या इमारतीत मला अजून भेटलेला नाही.

मग म्हणाला, "साहेब, तुमच्या गावच्या नाक्यावर कोण असतं?"

"शेरीफ. माझा मेहुणा आहे."

"मग तुमचं बरं आहे. आमच्या रस्त्यावर सात नाके आणि एकही मेहुणा नाही."

मी हसलो. तोही हसला, पण लगेच थांबला. "भुकेला माणूस पोत्यावरचं वाचत नाही, साहेब. वाचणारे आहेत त्यांच्याकडे बंदुका आहेत. अमेरिकेचं धान्य नेणारा तो अमेरिकेचा माणूस, एवढाच त्यांचा हिशेब. मला तीन मुलं आहेत."

"मग सवलत मागा ना. लेखी मागा, मी बघतो."

"लेखी मागितलं की तुम्हाला 'नाही' म्हणता येतं. म्हणून तर आजवर मागितली नाही."

"मागा तुम्ही," मी म्हटलं. "माझा शब्द आहे." आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. हे इथं लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी
मोठी बातमी. आमचे प्रशासक जात आहेत, आणि त्यांच्या जागी माझं नाव पुढं गेलंय. संपूर्ण संस्था! अठरा मार्चला सिनेटच्या समितीपुढं सुनावणी, नंतर मतदान. लवॉनला फोन केला. ती म्हणाली, "उपप्रशासक होऊन तुला दीड महिना झाला, ऑर्व. तेवढ्यात गव्हाला अंकुरही नीट येत नाही." बायकोच्या तोंडून कौतुक ऐकायचं तर मरावं लागतं.

डालबर्गसाहेबांच्या कचेरीतून प्रिसिला वँडरवेल येऊन गेल्या. बाई तरबेज आहेत. म्हणाल्या, समितीतले निम्मे लोक विचारणार की आपला गहू जातो कुठं, आणि खाणाऱ्याला तो कुणाचा हे तरी कळतं का. शंभर पानांचं उत्तर नको, एक मोठा फोटो हवा. ओंबी ठसठशीत दिसली पाहिजे. चार मार्चला वादी सुहारला ट्रक निघतात, त्यांच्याबरोबर त्या एक फोटोग्राफर पाठवणार आहेत.

२४ फेब्रुवारी
सवलतीची फाईल आली. अकरा चौकटी भरलेल्या. एरवी याला महिना लागतो. थेल्मांनी खोलीखोलीत स्वतः जाऊन चार दिवसांत सह्या आणल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी. फाईल माझ्यापुढं ठेवली आणि उभ्याच राहिल्या.

"आत्ता केलीत तर आजच तिकडे कळवते, सर."

मी पेन हातात घेतलं होतं. खरंच घेतलं होतं. पण आज मी लिहून दिलं की वादी सुहारला शिक्का नको, आणि अठरा तारखेला समितीपुढं उभा राहिलो वादी सुहारच्याच शिक्क्याचा फोटो घेऊन, तर कुणीतरी हा पिवळा कागद नाकासमोर धरणार. वीस वर्षांचं काम पाण्यात जाणार.

"नाही म्हणत नाही मी, थेल्मा. अठरा तारीख होऊ द्या. नंतरची पहिली सही हीच."

"ट्रक चार तारखेला निघतात."

"बरोबर फोटोग्राफर आहे. कॅमेऱ्यासमोर कोण हात लावतो?"

त्यांनी फाईल टेबलाच्या कोपऱ्यावर सरळ करून ठेवली. दारापर्यंत जाऊन वळल्या. "मग एवढं तरी करा. माणसांचे चेहरे नकोत फोटोत. पोती दिसू देत."

"हे कबूल," मी म्हटलं. रास्त मागणी होती.

८ मार्च
ट्रक सुखरूप पोचले. माझंच खरं झालं. सातही नाक्यांवर एक शब्द नाही. थेल्मांना सांगितलं तर म्हणाल्या, "पोचले याचा आनंद आहे, सर. अजून परतायचे आहेत." या बाईला आनंद मानताच येत नाही.

फोटो आले. पुष्कळ आहेत, पण त्यातला एक बघतच राहावा असा. पोत्यांच्या थप्पीशेजारी इद्रिस उभा आहे. आवाजावरून मला आडदांड वाटला होता, निघाला किरकोळ, डोक्यावर तपकिरी शाल. फोटोग्राफर म्हणतो, तो सारखा तळहात ओंबीवर ठेवत होता. हात काढा म्हटलं की काढायचा, पुन्हा ठेवायचा. शेवटी फोटोग्राफरनं काहीतरी विनोद केला, तो खळखळून हसला, हात बाजूला झाला, तेवढ्यात टिपला.

प्रिसिलाबाईंनी तोच निवडला. मी म्हटलं, चेहरे नकोत असं आमच्याकडून ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "चेहरा नसेल तर ही खताची जाहिरात वाटेल. आणि फोटो फक्त त्या खोलीपुरता आहे." मी आणखी ताणलं नाही. ज्यांनी नाव पुढं केलं त्यांच्याशी हुज्जत कशी घालणार?

१० मार्च
पिवळ्या कागदावर आपोआप शिक्का बसून आला: मुदत संपली, जुना नियम कायम. थेल्मांनी तो मला दाखवला आणि घेऊन गेल्या.

१८ मार्च
झाली सुनावणी. उत्तम झाली असं सगळे म्हणतात. फोटो माणसाच्या उंचीचा करून तिवईवर लावला होता. डालबर्गसाहेब त्याच्याकडे हात करून म्हणाले, "सज्जनहो, मदत करावी तर अशी, नावानिशी." मी गव्हाबद्दल बोललो, बापाच्या पोत्यांबद्दल बोललो. एका विरोधी सिनेटर बाईंनी मान डोलावली. बाहेर पडलो तेव्हा पाय हलके झाले होते.

दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी उचलला. खोलीत कॅमेरे होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. लवॉननं टीव्हीवर पाहिलं.

"तो हसरा माणूस कोण?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"त्याला विचारलं होतं का?"

"फोटो काढताना तो उभाच होता की."

"उभा होता, ते दिसलं. तुझा फोटो बाजारात टांगायचा झाला तर मी तुला आधी विचारीन, ऑर्व." मग कोठारातल्या पंख्याचा पट्टा तुटल्याचं सांगत बसली.

१९ मार्च
शब्द पाळला. सकाळी आल्या आल्या, कोट काढायच्या आधी, फाईल मागवली आणि सही केली.

थेल्मांनी कागद उचलून बघितला. "मुदत टळल्यावरची सही चालत नाही, सर. नवा पिवळा कागद लागेल, पुन्हा पहिल्या चौकटीपासून."

"मग किती दिवस?"

"बघते," म्हणाल्या, आणि नवा कागद घेऊन खाली गेल्या.

२३ मार्च
इद्रिस मुकबिल गेला. त्याच्याबरोबर सैफ नावाचा ड्रायव्हर.

वाटप आटोपून परतीच्या वाटेवर, पाचव्या नाक्यावर. फोटो बंदुकवाल्यांकडे होता. सैफचा भाऊ ट्रकवर होता, त्याला दाखवला म्हणे, हाच ना, म्हणून.

थेल्मांनी उभ्यानंच सांगितलं. मी विचारलं, ट्रकमध्ये काय होतं. का विचारलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, काही नव्हतं, ट्रक रिकामा होता.

२४ मार्च
नव्या पिवळ्या कागदाची बारावी चौकट आज माझ्यापुढं आली. सही केली. वरातीमागून घोडं.

२६ मार्च
चौकशी. संस्थेचे वकील आले होते, तरुण दिसतात पण केस पिकलेले. फक्त घटनाक्रम लावायचा आहे म्हणाले. विचारलं, "चोवीस फेब्रुवारी ते दहा मार्च ही फाईल कुठं होती?"

"आमच्या विभागात."

"कुणाच्या ताब्यात?"

मी म्हटलं, विभागात. त्यांनी नोंदवही उघडली. फाईल आणल्याची सही थेल्मांची, नेल्याची सही थेल्मांची. अधेमधे माझ्या टेबलाच्या कोपऱ्याची नोंद कुठंच नाही. त्यांनी एक नाव लिहिलं. मला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तोवर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो सोपा होता.

दिवसभर स्वतःला सांगतो आहे की त्यांनी नीट विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

२ एप्रिल
थेल्मांनी निवृत्ती घेतली. कुणी घ्या म्हटलं नाही, पण कुणी थांबवलंही नाही. केक होता, वरच्या मजल्यावरूनही लोक आले होते. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. एक म्हातारा रखवालदार रडत होता.

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या खोक्यात चपला भरत होत्या. इतकी वर्षं त्या टेबलाखाली चपला बदलायच्या, हे मला आज कळलं.

"थेल्मा, त्या नोंदवहीचं मी बघतो. वकिलांना लिहून देतो सगळं."

"तुमची इच्छा, सर."

"खरंच देतो."

"मी खोटं म्हटलं नाही." त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली. "माझं एक काम आहे, ते मात्र विसरू नका. बिल्कीस, इद्रिसची बायको, मुलांना घेऊन बहिणीच्या गावी गेली आहे. तिथं कुणाला ठाऊक नाही की तिचा नवरा कोण होता. तिचा निरोप आहे, आपल्याकडून तिच्या दाराशी काही येऊ नये. काहीही."

मी हो म्हटलं. मग त्यांना विचारलं की माझ्यावर राग आहे का. त्या म्हणाल्या, "राग मला माझाच येतो. त्या दिवशी तुम्ही पेन हातात धरलं होतं आणि मी बोलायचं सोडून अदब सांभाळत उभी राहिले. दहावा माणूसही जाईल, असं वाटलं मला. जातातच."

९ एप्रिल
मतदान झालं. मी प्रशासक. डालबर्गसाहेबांनी मिठी मारली. थेल्मांच्या जागी ब्रेंट ओलँडर आला आहे, फ्लोरिडात प्रचाराच्या गाड्या सांभाळायचा. चटपटीत आहे. काहीही सांगा, "झालंच समजा, सर."

११ एप्रिल
चैन पडत नाही. आमच्याकडे कुणी गेलं तर तिसऱ्या दिवसाच्या आत घरी पत्र जातं, भांडंभर जेवण जातं, दाराशी गाडी थांबते. मयताच्या घरी न जाणारा माणूस एल्क प्रेअरीत कुणाला तोंड दाखवू शकत नाही. इद्रिसला जाऊन तीन आठवडे होत आले आणि मी त्याच्या बायकोला एक ओळ लिहिलेली नाही.

थेल्मा काही पाठवू नका म्हणाल्या खऱ्या. पण त्यांच्या मनात मदत, अधिकारी, चौकश्या असणार. पत्र म्हणजे काही नव्हे. पत्र तर माणूस माणसाला लिहितो.

चार पानं लिहिली, स्वतःच्या हातानं. ओलाव्याबद्दल त्यानं विचारलेलं लिहिलं. मेहुण्याचा विनोद लिहिला. फाईल माझ्या टेबलावर होती हेसुद्धा लिहिलं, कुणाला तरी ते लिहायचंच होतं. आधी साध्या कागदावर लिहिलं होतं. मग वाटलं, ज्याचा जीव गेला त्याच्या बायकोला कोऱ्या कागदावर कसं लिहायचं, जणू आपण तोंड लपवतोय. संस्थेच्या जाड कागदावर उतरवून काढलं, वर ठशानं उठवलेली ओंबी. पाकीटही तसलंच.

ब्रेंटला विचारलं, पोचेल ना. म्हणाला, "झालंच समजा. दूतावासाची गाडी हातात नेऊन देईल." बऱ्याच दिवसांनी जरा बरं झोपेन.

२८ एप्रिल
पत्र परत आलं. पाकीट फोडलेलंही नाही. त्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावली आहे, वहीतलं फाडलेलं पान. अरबी जाणणाऱ्या कारकून बाईंनी वाचून दाखवली, दोनदा, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आली नाही.

"झेंडा लावलेली गाडी दारात थांबली ती सगळ्या गल्लीनं पाहिली. आज दुपारी आम्ही इथूनही निघतो आहोत. कुठं ते बहिणीलाही सांगितलेलं नाही. हात जोडते, आमचं पुन्हा सांत्वन करू नका."

बाई चिठ्ठी ठेवून निघून गेल्या. तीन मुलं आहेत, आणि धाकट्याचं वय मी कधी विचारलंच नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडणार?

ब्रेंट आला. "मेलेल्या सहकाऱ्याच्या कुटुंबाचा ठावठिकाणा ठेवावा असा नियमच आहे, सर. दोन दिवसांत शोधून काढतो."

"शोधायचं नाही."

"मग त्याला सवलत लागते. पिवळा कागद करतो, पण त्याला वेळ—"

"इथंच कर. सगळ्या चौकटी आजच्या आज. मी तुझ्याबरोबर येतो."

आम्ही दोघं खोलीखोलीत हिंडलो. चार मजले, अकरा सह्या. प्रशासक स्वतः दारात उभा म्हटल्यावर लोक खुर्चीतून उठून सही करत होते. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. बारावी मी भिंतीला कागद टेकवून केली. तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

उद्या शपथविधी. लवॉनला चिठ्ठी फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, पेरणी चालू आहे, येता येणार नाही. एरवी पेरणी ती गड्यांवर सोडते.

थेल्मांबद्दल वकिलांना लिहायचं राहून गेलंय. चौकशीचा अहवाल शुक्रवारी बंद होतो. उद्याचं एकदा पार पडलं की पहिलं काम तेच.